मनमाडचं तिसरं तिकीट

मखमलाबाद, नाशिक
१२ एप्रिल १९९७

चि. भारतराव यांस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. उन्हाने गुलाबाची कळी यंदा बारीक धरली आहे, पण वास तोच आहे. तुमच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि तोंड चालतं, म्हणजे तब्येत उत्तम.

रोशनीची शाळा सुटली की तिला न्यायला येतो. नेहमीच्याच वाटेने. नाशिकरोडहून पॅसेंजरने मनमाड आणि मनमाडहून एसटीने मालेगाववरून धुळं. तुम्ही दर वेळी म्हणता, "मामा, थेट एसटी असताना हा उपद्व्याप कशाला?" काय सांगू? राहुडच्या घाटात मोहिनीला लहानपणापासून गाडी लागायची. लेकीने आईकडून तेवढं बरोबर उचललं. निम्मी वाट रुळांवरून गेली की पोर हसत घरी पोचते. आणि खरं सांगायचं तर ही वाट मलाही सुटत नाही. ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, उगाव... मोहिनी ही नावं पाठ केलेल्या कवितेसारखी म्हणायची. लासलगाव आलं की कांद्याच्या वासाने नाक धरायची आणि पुढचं स्टेशन येईपर्यंत सोडायची नाही.

तिला जाऊन येत्या श्रावणात दोन वर्षं होतील. लेक गेल्यावर जावयाच्या उंबऱ्याशी माणसाचा पाय घुटमळतो. तुम्ही आणि विहीणबाई सिंधुबाईंनी तसं कधी वाटू दिलं नाही, हे विसरणार नाही. सुटीतले ते दिवस आम्हा दोघांचं वर्षभराचं खाणं असतं. तारीख कळवा.

आपला,
गोटीराम


धुळे
२३ एप्रिल १९९७

ती. मामांना,
सा. न.

पत्र मिळालं. कसं लिहावं समजत नाही, म्हणून सरळ लिहितो. अक्षय्य तृतीयेला माझं लग्न ठरलं आहे. मुलगी नांदगावची, शुभांगी. आईवडील लहानपणीच गेले, काकांनी वाढवलं. आई थकली, रोशनी सात वर्षांची, घरात कोणीतरी हवं होतं.

लग्न साधंच आहे, तुम्हाला बोलावून त्रास देत नाही. यंदा रोशनीला पाठवत नाही. नव्या माणसाशी तिचं जमायला हवं. सुटीत ती तिकडे आली तर तिची आई पुन्हा पहिल्यापासून जाईल. राग मानू नये.

आपला,
भारत


धुळे
१९ जून १९९७

ती. रा. आजोबांना,
शुभांगीचा शि. सा. न.

तुम्ही मला ओळखत नाही आणि मी पत्र लिहिते, हे चुकीचं असेल तर थोरपणाने पोटात घाला. रोशनी तुम्हाला आजोबा म्हणते, म्हणून मीही तेच लिहिलं.

रोशनी बरी आहे. पहिले पंधरा दिवस माझ्याशी बोलत नव्हती. पाणी मागायचं तर भिंतीला सांगायची, "मला तहान लागली." मग मीही भिंतीला सांगायची, "माठ भरलेला आहे." एके दिवशी आम्हा दोघींना एकदमच हसू आलं. तेव्हापासून भिंतीची सुटका झाली.

ती झोपताना एक गाणं म्हणते. फुला रे फुला, कुठे तू निघाला, ओल्या फडक्यात, परक्या गावाला. आई म्हणायची, असं सांगते. पुढच्या दोन ओळी तिला आठवत नाहीत, मग तिथे अडते आणि रडते. यांना येत नाहीत, सासूबाईंनाही नाही. तुम्हाला येत असतील तर लिहून पाठवाल का? मी पाठ करून घेईन.

आणखी एक. सासूबाईंनी मोहिनीताईंच्या नावाचा, त्यांची प्रतिमा ठसवलेला सोन्याचा टाक करून लग्नातच माझ्या गळ्यात घातला. रोज आंघोळीनंतर आधी त्याला हळदकुंकू लावते. आमच्या नांदगावात म्हातारी माणसं म्हणतात, दुसरीने पहिलीचा टाक घातला की पहिलीचं माहेर ते तिचं माहेर. मला माहेर नाही. काकांचं घर आहे, पण ते घरच. मी तुमच्याकडे काही मागत नाही. फक्त टाक गळ्यात आहे, हे तुम्हाला ठाऊक असावं.

तुमची ती गाडीची वाट रोशनी मला शिकवते. मी म्हटलं, अगं, नांदगावची मी, रुळांच्या कडेलाच वाढले. तर म्हणाली, "पण तू गाड्या फक्त पाहिल्यास. आम्ही बसलोय."

आपली,
शुभांगी


मखमलाबाद, नाशिक
८ जुलै १९९७

सौ. शुभांगीबाई यांस,
आशीर्वाद.

आपलं पत्र मिळालं. रोशनीची खुशाली वाचून बरं वाटलं.

त्या ओळी पुस्तकातल्या नाहीत. आमच्या शाळेतले गुरुजी शाळेच्या बागेला पाणी घालता घालता रचायचे आणि आमच्याकडून म्हणवून घ्यायचे. गुरुजी गेले, शाळा पाडून नवी झाली, बरोबरीची पोरं एकेक करून गेली. आता ती कविता माझ्या तोंडात तेवढी उरली आहे. मोहिनीला मी फुलांच्या पाट्या भरताना शिकवली. पुढच्या ओळी कागदावर पाठवण्यासारख्या नाहीत. रोशनी आजोळी येईल तेव्हा माझ्या तोंडून ऐकेल.

तेव्हा दिवाळीला तिला पाठवावं, ही विनंती. कोणीतरी एसटीने मनमाडपर्यंत आणून सोडलं तर पुढे रेल्वेने मी नेईन आणि आठ दिवसांनी तिथेच आणून देईन. एसटीत तिला खिडकीशी बसवावं, निघताना दूध देऊ नये, आवळासुपारी द्यावी. आपण स्वतः तसदी घेऊ नये.

टाकाविषयी लिहिलंत. ज्याची त्याची रीत असते. त्यावर मी काय लिहू?

कळावे,
गोटीराम


धुळे
२० ऑक्टोबर १९९७

ती. तात्यांना,
शि. सा. न.

मोहिनीताई तुम्हाला तात्या म्हणायच्या, म्हणून आजपासून मीही. रागावू नका, कारण सुरुवात तुमच्याकडूनच झाली आहे!

दसऱ्याच्या बाजाराला तुमच्या गावचे गेणू झेंडूच्या पाट्या घेऊन आले. त्यांच्याबरोबर तुम्ही पाठवलेले लाडू आणि रोशनीचा फ्रॉक पोचला. फ्रॉकच्या घडीत हिरवा खण होता. मी गेणूंना विचारलं, "हा कुणाचा?" तर म्हणाले, "मला काय ठावं? घरात जी बाई असंल तिचा. खण काय गड्याला पाठवतेत व्हय?"

तात्या, जुलैत तुम्ही लिहिलं होतंत की टाकावर काय लिहू. तुम्ही लिहिलं नाही, खण पाठवलात. माहेरहून खण आला की बाईला आणखी बोलावणं लागत नाही. मी तो हातात घेऊन बराच वेळ उंबऱ्यावर बसले होते. सासूबाई म्हणाल्या, "बघत काय बसलीस, शिवायला टाक."

यांना मी सांगितलं की रोशनीला मीच घेऊन जाणार. आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, "जा, पण थेट एसटीने जा." तेव्हा रोशनी आणि मी एकदमच ओरडलो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघतो. दुपारी मनमाड. तुम्ही न्यायला याल ना? आठ दिवस राहू.

तुमची,
शुभांगी


मखमलाबाद, नाशिक
२८ ऑक्टोबर १९९७

सौ. शुभांगीबाई यांस,

आपला गैरसमज झाला आहे. खण मी पाठवला नाही. कसा आला मला माहीत नाही. फडताळातल्या कपड्यांबरोबर चुकून गेला असावा.

स्पष्ट लिहितो, म्हणजे पुढे मनस्ताप नको. आपण परकं माणूस आहात आणि चांगलं माणूस असाल. परंतु माझी एकच लेक होती. तिच्या जागी कोणी येऊन बसावं, तिने मला हाक मारली तशी मारावी, हे माझ्याने ऐकवणार नाही. रोशनीला ज्या घरात आई आठवते ते हे एकच घर उरलं आहे. तिथेही आपण आलात तर तिने आईला कुठे शोधावं?

रोशनीला मनमाडला आणून द्यावं आणि आपण तिथूनच परत फिरावं. मी स्टेशनावर असेन.

गोटीराम


मखमलाबाद, नाशिक
१० नोव्हेंबर १९९७

चि. सौ. शुभांगी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पोरी, काल तुम्हाला मनमाडला एसटीत बसवून आलो आणि रात्रभर डोळा लागला नाही. हे पत्र हाती येईल तेव्हा घरात माझं आणखी एक पत्र पडलेलं असेल. दिवाळीआधी टाकलेलं निळं अंतर्देशीय. सुट्यांमुळे तू निघेपर्यंत ते पोचलं नव्हतं, हे मला मनमाडला तुझा चेहरा पाहून कळलं. ते उघडू नको. चुलीत घाल. मी हात जोडतो.

त्या दिवशी मी तिथे का उभा होतो, ते तुला ठाऊक नाही. एकट्या रोशनीला न्यायला आलो होतो. खिशात दोनच तिकिटं होती, एक माझं आणि एक अर्धं. तुला तिथूनच परत लावायची, असं मनात पक्कं करून आलो होतो. तू एसटीतून उतरलीस. रोशनी तुझ्या खांद्यावर मान टाकून, आणि तुझ्या नव्या लुगड्यावर तिने सगळं ओकून ठेवलेलं. तू हसत म्हणालीस, "तात्या, मालेगावपर्यंत आम्ही शूरवीर होतो." तुझ्या अंगात त्या हिरव्या खणाची चोळी होती. गळ्यात टाक. माझी मोहिनी, तुझ्या गळ्यात, नखाएवढी.

मी तोंड फिरवून खिडकीकडे गेलो ते तिसरं तिकीट काढायला. तुला वाटलं, म्हातारा गोंधळला.

गाडीत मी रोशनीला म्हटलं, "म्हण गं, फुला रे फुला." ती खिडकीतून बघत राहिली. तिला येईना. चार-पाच महिन्यांत पुसलं गेलं होतं. आणि समोरच्या बाकावरून तू म्हणालीस. मोहिनीच्याच चालीत. पोरीकडून जशी ऐकलीस तशी, अडायची तिथे अडून. निफाड गेलं, द्राक्षांचे मांडव गेले, मी खिडकीकडे तोंड करून बसलो. तुला वाटलं असेल, रागावला.

खण कोणी घातला, ते तुझं पत्र आलं तेव्हाच विचारायला हवं होतं. माझं पत्र टाकून घरी आलो तेव्हा विचारलं. मोहिनीची आई, वत्सला, भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "म्या घातला. काय करायचं ते करा. लेकीची जागा लय जपून ठिवायची, तर काय कोंबड्या पाळायच्या हायेत तिथं?" तुला दारात थांबवून तिने भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि गुडघे दुखतात हे त्या दिवशी एकदाही म्हणाली नाही.

पुढच्या दोन ओळी आठ दिवस ओठांवर होत्या. म्हटलं, निघताना मनमाडला सांगू. तर एसटी लागलेलीच होती. राहून गेलं. पुढच्या वेळी.

ते पत्र उघडू नको.

तुझा,
तात्या


धुळे
१८ नोव्हेंबर १९९७

ती. आजोबांना,
शि. सा. न.

आम्ही सुखरूप पोचलो. तुमचं दुसरं पत्र शनिवारी आलं. पहिलं त्याआधीच, पोचल्या दिवशी वाचलं होतं. यांनी आरशामागे जपून ठेवलं होतं. म्हणाले, "बघ, माहेरचं पत्र."

मी रागावले नाही. खरंच नाही. तुम्ही रोशनीबद्दल जे लिहिलंत ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तिथेही आपण आलात तर तिने आईला कुठे शोधावं. हे मला आधी सुचायला हवं होतं. त्या आठ दिवसांत ती मला सारखी "आई, हे बघ, आई, ते बघ" करत होती आणि मी खुशीत होते. तुम्ही ओट्यावर बसून ऐकत होतात. तुम्हाला काय वाटलं असेल, हे आता कळतं.

तर पुढचं असं. मे महिन्यात आणि दिवाळीत रोशनीला मी मनमाडपर्यंत आणीन. पुढे तुम्ही न्या. मी तिथूनच परत फिरेन. तुम्ही लिहिलंत तेच बरोबर आहे. माणूस दुःखात असतो तेव्हा खरं लिहितो, आणि नंतर चांगुलपणाने लिहितो. मला दोन्ही पत्रं मिळाली, पण दुसऱ्यामुळे पहिलं खोटं होत नाही.

वत्सलाकाकूंना काही बोलू नका. त्यांच्या हातची ओटी मला मिळाली, ती मिळाली. चोळी मी नीट घडी करून ठेवली आहे.

आपली,
शुभांगी


मखमलाबाद, नाशिक
२ जून १९९८

चि. सौ. शुभांगी हिस,
आशीर्वाद.

काल रोशनीला तुझ्या हवाली केलं. न्यायला आलो तेव्हा मी तीन तिकिटं दाखवली, तर तू हसलीस आणि म्हणालीस, "आजोबा, खिडकी उघडी आहे तोवर एक परत करून या. सासूबाईंना दुपारचं औषध द्यायचंय मला." मी परत केलं नाही. गाडी हलली तेव्हा तू फलाटावर होतीस, आणि रोशनी हात हलवत होती, आणि माझ्या शेजारची जागा रिकामी होती. एका माणसाने विचारलं, "बाबा, इथं कुणी हाय का?" मी म्हटलं, "हाय." तो बिचारा लासलगावपर्यंत उभा राहिला.

वत्सला दारात भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती. रोशनीवरून ओवाळून झाल्यावरही तिने रस्त्याकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "कवितेच्या त्या दोन ओळी तिला धाडल्या असत्या, तर माणूस जोडलं नसतं का वो?"

मी दर वेळी तीन तिकिटं काढीन. तुझ्यावर जबरदस्ती नाही. रोशनी मोठी झाली की तीन पुरी काढीन.

तुझा,
गोटीराम


मखमलाबाद, नाशिक
२४ फेब्रुवारी २००४

चि. सौ. शुभांगी हिस,
अनेक आशीर्वाद.

वत्सलाच्या दहाव्याला तू आलीस. शेजारच्या लताबाईंच्या फोनवरून निरोप पोचला आणि तू रेल्वेची वाट न बघता थेट एसटीने, राहुडच्या घाटातून आलीस. सहा वर्षांनी त्या दारात पाय ठेवलास. मला वाटलं, आत यायला घुटमळशील. तू सरळ स्वयंपाकघरात गेलीस. आलेल्या बायका विचारत होत्या, "ही कोण?" लताबाई म्हणाल्या, "लेक." मी ओट्यावर होतो. मी ऐकलं. माझ्या तोंडून यायला हवा होता तो शब्द दुसरीच्या तोंडून आला, पण आला.

शेवटच्या दिवसांत वत्सलाची शुद्ध जात-येत होती. एकदा मला म्हणाली, "मनमाडची गाडी गेली का?" मी म्हटलं, "नाही अजून." तर म्हणाली, "मग बसा तिला घिऊन." ती मोहिनीविषयी बोलत होती की तुझ्याविषयी, मी विचारलं नाही. तिच्या मनात तो फरक राहिला नव्हता.

सुतकात ओटी भरत नाहीत. तू तशीच, रिकाम्या पदराने गेलीस. बायकांनी कोरडं हळदकुंकूसुद्धा लावलं नाही. आता भरणारीच राहिली नाही. मळ्यातला गुलाब यंदा दृष्ट लागेल असा फुलला आहे, आणि खुडायला जायचं तर पाय उचलत नाही.

सहा वर्षं तुझं तिकीट काढलं आणि सहा वर्षं तू फलाटावरून परत गेलीस. तुला कधी दोष दिला नाही. मी तुला जिथे उभं केलं होतं तिथेच तू उभी राहिलीस. आता माझ्याने फार वेळा मनमाड होणार नाही. डोळ्यांना पाट्या नीट दिसत नाहीत, स्टेशनं नावांवरून नव्हे, वासांवरून ओळखतो. म्हणून त्या ओळी कागदावर पाठवतो. कागदावर पाठवण्यासारख्या नाहीत, असं मी तेव्हा लिहिलं होतं. त्या तेव्हाही तुझ्याच होत्या.

मुळाला काय सांगू, येशील का फिरून?
वास मी ठेवीन वाटेत पेरून.

एवढंच आहे. गुरुजी इथेच थांबायचे आणि झारी खाली ठेवायचे.

तुझा,
गोटीराम


धुळे
९ मार्च २००४

ती. तात्यांना,
शि. सा. न.

ओळी मिळाल्या. रोशनीला वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "एवढ्याच?" चौदा वर्षांची आहे, तिला आत्ता एवढ्याच वाटतील. मग रात्री मी भांडी घासत होते तर आतून तिचा आवाज आला, हळू, चारही ओळी. कुठेही न अडता. माझे हात तसेच राखेत राहिले.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी येते. रोशनी यावेळी येणार नाही, तिची परीक्षा आहे. मी एकटीच येते. आजवर दर खेपेला तिला सोडायला म्हणून आले, आणि मनात म्हणत राहिले की माझं काम झालं. आता सोडायला कोणी नाही. तरी येते.

दारात भाकरीचा तुकडा घेऊन कोणी उभं नसेल, हे मला माहीत आहे. त्याची सवय आपल्या दोघांनाही करावी लागेल. ओटी पुरुषाने भरायची रीत नाही, हेही माहीत आहे. तुम्ही ओल्या फडक्यात थोडे गुलाब बांधून आणा आणि मनमाडलाच माझ्या पदरात टाका. कुणी बघितलं तर बघू दे.

ती हिरवी चोळी आता दंडात घट्ट होते. उसवून थोडी सैल करून घेतली आहे.

दुपारच्या एसटीने पोचेन. तिकिटं दोनच काढा.

तुमची लेक,
शुभांगी